धूर वाया जाऊ नये म्हणून

मराठी मध्यमवर्गीय माणसाला चैन करायची असली की आधी तिच्यात बचत शोधावी लागते. वॉशिंग मशीन घरात येतं ते 'साबण कमी लागतो' म्हणून. फ्रीज येतो तो 'रात्रीचं उरलेलं टिकतं' म्हणून. पुढं त्यात फक्त आइस्क्रीमच टिकत असलं तरी मूळ ठरावाला बाधा येत नाही. पण सतरा वर्षं वापरलेल्या मारुती ८०० ला टर्बोचार्जर बसवण्याचा उद्योग काटकसर या सदराखाली घरात मंजूर करून घेणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा साडू, बाळासाहेब.

बाळासाहेबांची हयात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या अकाउंट खात्यात गेली. साखर कारखान्यात उसाचं काही म्हणजे काही वाया जात नाही. मळीचं अल्कोहोल होतं, प्रेसमडचं खत होतं आणि रस काढून राहिलेलं बगॅस बॉयलरमध्ये जाळून त्यावर वीज तयार होते. कारखाना ती स्वतः वापरतो आणि उरली की विकतो. असल्या वातावरणात जन्म काढलेल्या माणसाला पुतण्यानं एके दिवशी सहज सांगितलं, की गाडीत जाळलेल्या पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धूर होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. पुतण्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या दृष्टीनं ती परीक्षेतली दोन मार्कांची माहिती होती. बाळासाहेबांनी तो ऑडिटमधला आक्षेप म्हणून घेतला.

"म्हणजे शंभरातले तेहेतीस रुपये मागनं बाहेर?"

"रेडिएटरमधनंही जवळजवळ तेवढेच जातात, काका."

रेडिएटरकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे सायलेन्सरमागे सतरा वर्षं साठलेला बगॅसचा डोंगर उभा राहिला होता.

टर्बोची मूळ कल्पना खरोखरच त्यांना पटेल अशी आहे. इंजिनातून सुटलेल्या गरम वायूच्या वाटेत एक छोटं पात्यांचं चाक ठेवायचं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. पहिलं धुरानं फिरतं, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त गेली की तिच्याबरोबर पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट नोंदवलं आणि चालण्यासारखं इंजिन दाखवायला १९२५ उजाडलं. मंजुरी आणि काम यांत वीस वर्षं गेलेली पाहून ब्यूखी बाळासाहेबांना एकदम सहकार क्षेत्रातला माणूस वाटला. फक्त 'पेट्रोल जास्त जाळता येतं' एवढा तुकडा त्यांच्या वहीत उतरायचा राहून गेला.

वही होतीच. लांबट, लाल कापडी पाठीची. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'श्री' आणि त्याखाली 'धूर बचत खाते'.

खरं कारण जोतिबाचा डोंगर होतं, असं माझं मत आहे. चैत्र संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर, आम्ही दोघं साडू, दोघी बहिणी आणि मागं मध्ये आमच्या सामाईक सासूबाई असे जोतिबाला निघालो होतो. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ३७ हॉर्सपॉवरचं. सपाटीवर ते कुणाला नाही म्हणत नाही. केर्लीच्या पुढं चढ लागला तसा बाळासाहेबांनी एसी बंद केला, मग दुसरा गिअर, मग पहिला, आणि शेवटी स्वतः स्टीअरिंगवर छाती टेकून पुढं वाकले. वजन पुढं घेतल्यानं गाडी चढते, अशी ८०० चालवणाऱ्या एका आख्ख्या पिढीची श्रद्धा आहे. त्या शांततेत मागून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, उतरू का मी?"

त्यांनी ते प्रेमानं विचारलं होतं. पण जावयाच्या मनाला असल्या गोष्टी फार खोल लागतात.

त्यात पुतण्यानं आणखी तेल ओतलं. आपली १९८६ नंतरची ८०० ज्या सुझुकी अल्टोवरून घेतलेली आहे, त्याच अल्टोला जपानमध्ये १९८७ साली कंपनीनं टर्बो लावला आणि 'अल्टो वर्क्स' म्हणून विकली. इंजिन साडेपाचशे सीसीच्याही आतलं आणि ताकद ६४ हॉर्सपॉवर. ती पाहून जपानच्या सगळ्या कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकलं, की छोट्या गाड्यांनी यापुढं जायचं नाही. तो ६४ चा आकडा तिथं आजही पाळला जातो. बाळासाहेब त्या रात्री जेवले नाहीत, असं ताई, म्हणजे त्यांची बायको, सांगतात. सख्खा भाऊ जपानमध्ये चौसष्टवर आणि आपली दारात सदतीसवर. आणि वर तिचा धूर फुकट जातोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत. म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं घेणाऱ्या या शहरात मेस्त्री ही पदवी सहज मिळत नाही. लेथवर हवं ते कातून देणारी, कॅटलॉगमध्ये नसलेला भाग दुपारच्या चहाआधी हातात ठेवणारी माणसं इथं आहेत. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं, आणि बंद केलं.

"सायेब, ह्यात सदतीस घोडी हाईत. ती बी आता म्हातारी झाल्यात. गप पडल्यात तर पडू दे की."

"मेस्त्री, धूर वाया जातोय."

"जाऊ दे की. आजवर कुठं कुणी धूर घरात ठिवलाय?"

पण नाद ही गोष्ट कोल्हापुरात कुणी शेवटपर्यंत नाकारत नाही. मेस्त्रींनीही नाकारली नाही.

टर्बो मुंबईहून आला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा जो पसारा आहे, त्यातून पुतण्यानं एका जपानी छोट्या गाडीचा वापरलेला टर्बो मिळवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. उघडल्यावर ताईंनी विचारलं, "एवढुसा?" तळहातावर मावत होता. हा जिन्नस मिनिटाला दोन लाखांच्या वर फेऱ्या घेतो, तेही शेजारून आठ-नऊशे अंशांचा वायू जात असताना, आणि त्याचा दांडा निव्वळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, असं पुतण्यानं सांगितल्यावर सासूबाईंनी तो जरा लांब सरकवून ठेवला. वहीत नोंद झाली: 'टर्बो नग १. वापरलेला घेतल्यामुळे वाचले', आणि पुढं नव्याची किंमत वजा जुन्याची किंमत. जमा बाजूला.

इथून पुढं जे घडलं त्याला माझ्या मते टर्बोचा दोष नाही. टर्बो विकणारे त्याला 'किट' म्हणतात, हा दोष आहे. किट म्हटलं की माणसाला वाटतं, खोका उघडला, चार बोल्ट आवळले, झालं. प्रत्यक्षात त्या खोक्यात फक्त प्रश्न असतात आणि उत्तरं ज्याची त्यानं उद्यमनगरात करून घ्यायची असतात. टर्बो इंजिनाला लावायला मॅनिफोल्ड लागला. तो मेस्त्रींनी पाइप कापून, वेल्डिंग करून बनवला. टर्बोला तेल पाजायला लाइन लागली, आणि प्यालेलं तेल परत जायला तेलाच्या चेंबरला भोक पाडावं लागलं. हवा दाबली की ती तापते; तापलेली हवा इंजिनाला चालत नाही; म्हणून इंटरकूलर. इंटरकूलर पुढच्या बंपरमागं बसेना, म्हणून बंपर आतून कापला. हवा वाढली म्हणून पेट्रोल वाढवायला मोठे इंजेक्टर, ते भागवायला मोठा पंप, आणि या सगळ्यांना कधी किती ते सांगायला एक वेगळा संगणक. कंपनीच्या मूळ संगणकाला इतकी हवा आयुष्यात पाहायची सवय नसल्यामुळे तो गोंधळून इंजिन बंद करायचा. मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. घरात तेव्हा त्याच्याच मताचं आणखी एक माणूस होतं, आणि त्यांना लोक ताई म्हणत होते.

क्लच प्लेट सगळ्यांत शेवटी बोलली. नवी ताकद चाकापर्यंत पोचवायला तिनं साफ नकार दिला आणि जळका वास सोडला. क्लच बदलला. मग पुतण्या म्हणाला, वेग वाढला तर ब्रेक? बारा इंची चाकांच्या आत मोठा ब्रेक बसवायचा तर आधी चाकं मोठी हवीत. तिथं मात्र बाळासाहेब ठाम राहिले. "ब्रेक लागतो तो धूर वाचवायला नव्हे. तो खर्च या खात्यात बसत नाही."

मधल्या एका प्रकरणावर जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हवा-पेट्रोलाचं मिश्रण ज्यादा दाबलं की त्यातलं काही ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचायची वाट न पाहता आपल्या मनानं पेटतं आणि इंजिन आतून ठोकायला लागतं. याला नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टनचा जीव घेतं. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीनं जेटफायर नावाची टर्बो गाडी बाजारात आणली, तेव्हा हाच प्रश्न होता. त्यांनी उपाय असा काढला, की मेथॅनॉल आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात थोडं थोडं सोडायचं. त्या पाण्याला नाव दिलं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. गिऱ्हाइकं ते भरायला विसरली. टाकी रिकामी झाली की गाडी इंजिन वाचवायला स्वतःची ताकद कमी करून घ्यायची, आणि मग तीच गिऱ्हाइकं 'गाडी ओढत नाही' म्हणून तक्रार घेऊन यायची. शेवटी कंपनीनं बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. जगातल्या पहिल्या टर्बो मोटारगाड्यांपैकी एकीची ही कथा. चंद्रावर माणूस पाठवायच्या तयारीतला देश, पण टाकीत पाणी घालायचं लक्षात राहिलं नाही.

आमच्याकडे रॉकेट फ्लुइड नव्हतं. मेस्त्रींनी जुना उपाय केला. हेडखाली जाड पॅकिंग घातलं, म्हणजे सिलिंडरमधली जागा वाढते, मिश्रण मुळातच कमी दाबलं जातं आणि टर्बोच्या दाबाला वाव राहतो. प्लगही एक नंबर थंड घातले. "पर एक हाय सायेब," मेस्त्री म्हणाले, "आता टर्बोबिगर ही गाडी काय कामाची न्हाय." हे वाक्यही वहीत उतरलं नाही.

दाब ठेवला सात पौंडांचा. बाहेरच्या हवेचा दाब साधारण पावणेपंधरा. म्हणजे जवळजवळ दीडपट हवा. कागदावर ३७ चे ५५ होतात. अकाउंट खात्यातल्या माणसाला कागदावर झालेल्या गोष्टीचा आनंद प्रत्यक्षापेक्षा कमी नसतो.

प्रत्यक्षातलंही सांगतो. ॲक्सिलरेटर दाबला की आधी काहीच होत नाही. धूर जमायचा, चाक फिरायचं, हवा दाबायची, या कामांना वेळ लागतो. तेवढ्यात बाळासाहेब म्हणत, "आता बघा हं." आपण बघत राहायचं. मग एकदम सीट पाठीला येऊन भेटते, ८०० नं कधी न काढलेला आवाज निघतो आणि समोर स्पीडब्रेकर असतो. कोल्हापूर शहरात दोन स्पीडब्रेकरमधलं अंतर या टर्बोला जागं व्हायला लागणाऱ्या अंतराहून किंचित कमी आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. तीन वेळा 'आता बघा हं' झालं आणि तिन्ही वेळा ब्रेक. तोच, खात्यात न बसलेला.

पाय काढला की कोंडलेली हवा एका झडपेतून बाहेर सुटते आणि 'फिस्स' असा आवाज होतो. तरुण पोरं फक्त या आवाजासाठी हजारो रुपये घालतात, असं पुतण्या सांगतो. सासूबाईंना दर फिस्सला वाटायचं, चाक पंक्चर झालं. "थांबा, हवा गेली." गाडी थांबायची, बाळासाहेब उतरून चारही चाकांना लाथ मारून दाखवायचे, मग पुढं. त्यामुळं जोतिबाला जायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागला. पण चढावर एसी चालू होता. वर पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "फार गार झालं होतं बाई, बंद करायचा की."

आणि गाडी बंद करणं हा तर स्वतंत्र विधी होता. गाडी पळवून आणली की टर्बो आग होऊन फिरत असतो. इंजिन लगेच बंद केलं तर तेल थांबतं आणि दांड्याजवळचं तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं. बाळासाहेबांनी त्यासाठी टर्बो टायमर बसवला: किल्ली काढून घ्या, निघून जा, गाडी आपली आपण मिनिटभरानं बंद होते. यंत्र उत्तम. पण वॉचमनला कोण सांगणार? रोज संध्याकाळी बाळासाहेब किल्ली फिरवत लिफ्टकडे निघाले की मागून पळत यायचा, "काका, गाडी चालूच राहिली!" सुरुवातीला ते त्याला ब्यूखीपासून समजावत. नंतर नुसतं "असू दे" म्हणू लागले. सोसायटीत बोलवा झाली, की काकांना हल्ली विसरायला होतं. समोरच्या वहिनींनी ताईंना एका डॉक्टरांचा नंबरही दिला.

गाडीवर टर्बो असं लिहावं, ही हौस राहिली होती. बीएमडब्ल्यूनं १९७३ साली २००२ टर्बो काढली, तेव्हा काही गाड्यांच्या पुढच्या बाजूला ते नाव उलट्या अक्षरांत लिहिलं होतं. पुढच्या गाडीवाल्यानं आरशात सरळ वाचावं आणि बाजूला व्हावं म्हणून. त्यावर जर्मनीत गदारोळ झाला, त्यातच तेलसंकट आलं आणि गाडी फार काळ टिकली नाही. बाळासाहेबांना कल्पना आवडली. रेडियमवाल्याला त्यांनी नीट कागदावर उलटं काढून दिलं. संध्याकाळी गाडी आणायला गेले, तर पोरगा म्हणाला, "काका, तुमचं उलटं झालं होतं. मी सरळ करून टाकलंय." वर त्याचे पैसेही घेतले नाहीत. वहीत जमा.

ते रेडियम दोन दिवसांत खरवडून काढावं लागलं, कारण ओळखीतल्या एका वकिलांनी कायदा सांगितला. मूळ कंपनीच्या तपशिलांपासून गाडीत फेरफार करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंच होतं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला दर फेरफारामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी सोय झाली. दर फेरफारामागं! बाळासाहेब रात्रभर वही घेऊन बसले. टर्बो एक, इंटरकूलर दोन, इंजेक्टर तीन नग का एक संच? हेडचं पॅकिंग फेरफारात धरायचं की दुरुस्तीत? पहाटे त्यांनी निकाल दिला: 'किट' म्हणून घेतलेलं असल्यामुळे सगळं मिळून एकच. पाच हजार तरतूद. कैदेला वहीत रकानाच नव्हता.

ॲव्हरेजबद्दल मी विचारलं नाही. पेट्रोलची खरेदी वहीत वेगळ्या खात्यावर टाकली जात असे, आणि त्या खात्याला नाव होतं 'किरकोळ'.

२०२३ साली गाडीला वीस वर्षं झाली आणि पुनर्नोंदणीची वेळ आली. फी आदल्याच वर्षी सहाशेवरून पाच हजार झालेली. सरकारला पाच हजार हा आकडा का कोण जाणे फार आवडतो. पासिंगला गाडी मूळ रूपात न्यायची तर टर्बो, इंटरकूलर, संगणक सगळं उतरवणं आलं. मेस्त्रींनी ते उतरवलं, जुना मॅनिफोल्ड, जुने इंजेक्टर परत चढवले.

"हेड बी खोलू काय? जाड पॅकिंग काढाय लागंल."

"त्याचे किती?"

मेस्त्रींनी आकडा सांगितला.

"राहू दे. ते बाहेरनं दिसत नाही."

आरटीओच्या मैदानावर इन्स्पेक्टर साहेबांनी चॅसिस नंबर पाहिला, लाइट, हॉर्न, ब्रेक पाहिले आणि स्वतः बसून एक फेरी मारायला निघाले. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. साहेबांनी गाडी दुसऱ्यात टाकून पाय दाबला असावा, कारण इंजिनाचा आवाज वाढला; गाडी मात्र होती त्याच चालीनं मैदान ओलांडत राहिली. तिच्या बाजूनं एक लर्निंगची ॲक्टिव्हा पुढं गेली. साहेब परत आले, उतरले, आणि बाळासाहेबांकडे बराच वेळ मायेनं बघत राहिले.

"काका, गाडी अगदी नेटकी ठेवलीय हो. इंजिन कसं धुतल्यासारखं. पण दम नाही राहिला हिच्यात. चढाला कशी नेता?"

"एसी बंद करून," बाळासाहेब म्हणाले.

साहेबांनी सही केली, कागद हातात दिले आणि खांद्यावर हात ठेवला. "एक सांगू का? आता हिला दगदग देऊ नका. हल्ली हजार सीसीच्या गाडीलासुद्धा कंपनीतनंच टर्बो येतो. एखादी तसली बघा. काय पळते माहितीये?"

"टर्बो?" बाळासाहेबांनी कागदांची घडी खिशात सरकवली. "छे हो साहेब. आम्हा रिटायर माणसांना कुठला परवडतोय."